गार्गीचा ताळा

चेंडू दिसत नसेल तर तो खेळाचा फोटोच नव्हे, असं वैजयंता चौगुलेचं ठाम मत होतं, आणि गडहिंग्लजमध्ये लॅक्रॉसच्या फोटोंबाबत तिच्यापुढं कुणाचं काही चालत नसे. खेळाडूचा चेहरा, काठीच्या टोकाची जाळी आणि जाळीतून नुकताच सुटलेला चेंडू, तिन्ही एका चौकटीत हवेत. एक जरी हुकलं तरी ती फोटो खोडून टाकायची आणि स्वतःलाच दोन शिव्या हासडायची.

गाव मुळात फुटबॉलवेडं. काठीच्या जाळीत चेंडू झेलायचा आणि जाळीनंच फेकायचा, असा हा लॅक्रॉस ऑलिम्पिकमध्ये आला, त्यानंतर कुणाच्या तरी डोक्यात मुलींचा संघ काढायचं खूळ शिरलं, आणि पंधरा वर्षांत त्या खुळाचं राज्यभर नाव झालं. वैजयंता त्याआधी लग्नांचे फोटो काढायची. नवरा-नवरीला हसा म्हणून सांगता येतं, धावत्या पोरीला सांगता येत नाही. म्हणूनच तिला हे काम आवडलं. दुपारी चारच्या उन्हात गोलच्या मागं गुडघा टेकून बसायचं, लाल धूळ खायची आणि वाट पाहायची. पंचावन्न वर्षांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली तर तिकडं लक्ष द्यायचं नाही.

खोट्या फोटोंचा सुळसुळाट झाल्यापासून वर्तमानपत्रं आणि क्रीडासंघटना फक्त शिक्क्याचाच फोटो घेत. फोटो टिपला जातो त्याच क्षणी कॅमेरा त्यावर न पुसता येणारा शिक्का उमटवतो: कधी, कुठं, कोणत्या सेटिंगवर. नंतर त्यातला एक ठिपका जरी हलवला तरी शिक्का फुटतो. एका सामन्याला असे चाळीस शिक्के मिळत, एकही जास्त नाही.

अडचण होती ती चेंडूची. मुलींनी मारलेला चेंडूसुद्धा ताशी शंभर किलोमीटरनं जातो. डोळ्यानं पाहून बोटानं बटण दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो आणि तेवढ्यात चेंडू पाच-सहा मीटर पुढं निघून जातो. शिवाय शिक्क्याची तयारी करायलाही कॅमेऱ्याला वेळ लागतो. म्हणजे क्षण येण्याआधीच तो ओळखायला हवा. नव्या कॅमेऱ्यांनी तेच साधलं होतं. मोठ्या लेन्सशेजारी त्यांना एक छोटा डोळा असतो. तो चित्र पाहत नाही, फक्त हालचाल पाहतो, सेकंदाला हजारो वेळा. चेंडू सुटण्याआधी फेकणाऱ्याचं शरीर सगळं सांगून मोकळं होतं. आधी कंबर वळते, मग खांदा, मग कोपर, शेवटी मनगट आणि बोटं. कंबर-खांदा वळला की चेंडू कधी सुटणार हे कॅमेरा त्या खेळाडूच्या सवयीवरून ताडतो आणि शटर आपणच उघडतो. फोटोग्राफरनं फक्त कुणावर रोखायचं ते ठरवायचं.

तरी प्रत्येकीची ढब वेगळी, आणि माणसाची ढब यंत्राला पुरती कळत नाही असं फोटोग्राफर मंडळींना वाटायचं. त्यांच्यासाठी कॅमेऱ्याच्या पाठीवर एक दातेरी चाक होतं. अंगठ्यानं एक खाच फिरवली की त्या खेळाडूपुरतं शटर एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, उशिरा उघडायचं. त्याला सगळे ताळा म्हणत. हातानं ताळा दिला की त्या खेळाडूबाबत कॅमेरा स्वतः शिकणं थांबवत असे. शरीर आणि हात यांचा मेळ बसत नसला की कोपऱ्यात पिवळा दिवा लागायचा, तोही मग लागत नसे. जाणत्या फोटोग्राफरला त्या दिव्याचा अपमान वाटायचा.

वैजयंतानं फक्त एकाच खेळाडूला हातानं ताळा दिला होता. ती गार्गी, तिच्या भावाची मुलगी. भाऊ-वहिनी नेसरीकडं काजूच्या बागेत असत. मैदान जवळ पडावं म्हणून गार्गी आठवीपासून आत्तीच्या घरी राहायला आली, ती आता तेवीस वर्षांची झाली तरी तिथंच होती. वैजयंतानं लग्न केलं नव्हतं. घरात दोघीच, आणि भांडायला तेवढ्या पुरेशा होत्या.

दीड वर्षापूर्वी गार्गीचे फोटो फसायला लागले. चेहरा सुरेख यायचा, काठी वाकलेली यायची, पण चेंडू अजून जाळीतच. पिवळा दिवाही लुकलुकायचा. "ह्या डबड्याला आमच्या पोरीचा हात कळंना," म्हणत वैजयंतानं चाक चार खाचा फिरवलं आणि फोटो झकास आला. पुढं चाराचे नऊ झाले, नवाचे सतरा. दर दोन-तीन सामन्यांनी अंगठा आपोआप चाकाकडं जायचा.

कारणही सगळ्या गावाला ठाऊक होतं. गार्गी चेंडू एक श्वासभर धरून मारायची. गोलकीपर तिच्या खांद्याकडं बघून झेप घ्यायची आणि चेंडू मागाहून निवांत दुसऱ्या कोपऱ्यात जायचा. प्रशिक्षक हत्तरकी सर त्याला 'गार्गीचा दम' म्हणायचे आणि लहान मुलींना तसं करून दाखवायला लावायचे. कुणालाच ते जमत नसे. वैजयंताच्या एका फोटोत गोलकीपर डावीकडं आडवी पडली होती, चेंडू उजवीकडून आत चालला होता, आणि गार्गीच्या डोळ्यांत ऊन होतं. तो फोटो देशभर छापून आला. त्याच मोसमात गार्गीचं नाव राष्ट्रीय संघाच्या संभाव्य यादीत गेलं.

निवडीचा शेवटचा सामना रविवारी, घरच्याच मैदानावर होता. गुरुवारी वैजयंताचा कॅमेरा धुळीनं बंद पडला. दुरुस्तीवाल्यांनी तात्पुरता दुसरा पाठवला. शुक्रवारी सकाळी चहा घेता घेता तिनं तो सुरू केला. कोरा कॅमेरा, त्याला कुणाचीच ओळख नव्हती. तिचे जुने शिक्क्याचे फोटो वाचून त्यानं पाच मिनिटांत सगळ्या पोरींच्या सवयी शिकून घेतल्या. गार्गीपाशी तो थांबला.

पडद्यावर एक आलेख उमटला. प्रत्येक शिक्क्यात त्या वेळचा ताळा नोंदलेला असतो हे तिला माहीत होतं, पण ते सगळे आकडे ओळीनं कधी पाहिले नव्हते. चार, नऊ, सतरा, तेवीस, तीस, छत्तीस, एक्केचाळीस. सतरा महिन्यांत रेघ एकदाही खाली आली नव्हती. खाली एक वाक्य होतं: खांद्याच्या आणि हाताच्या हालचालीतलं अंतर वाढत आहे, कृपया तपासा.

तिनं चहाचा कप खाली ठेवला. तीस वर्षं माणसं पाहिलेली बाई होती ती. डाव म्हणून केलेली गोष्ट कधी होते, कधी होत नाही. थकल्यावर कमी होते, समोरची गोलकीपर कच्ची असेल तर कुणी करायच्या भानगडीतच पडत नाही. ही रेघ मात्र सरळ वर चढत होती.

गार्गी सरावाला निघाली होती. "आत्ती, मी येतो गं," ती दारातून म्हणाली. इकडच्या पोरी येतो-जातोच म्हणतात.

"थांब. गाडीची चावी तुझ्याकडं हाय न्हवं? फेक हिकडं."

"आणि तो कॅमेरा कशाला रोखलायस?"

"नवीन हाय. बघालोय. फेक तू."

गार्गीनं चावी फेकली. वैजयंतानं ती झेललीच नाही, चावी भिंतीला लागून पडली. पडद्यावर गार्गीचा हसरा चेहरा होता, खांदा पुढं आलेला होता आणि चावी अजून बोटांतच होती. खाली हात किती मिलिसेकंद मागं राहिला त्याचा आकडा होता: एक्केचाळीस. चावी फेकताना ही पोर कुणाला हूल देत होती?

दुपारी तिनं हत्तरकी सरांना फोन केला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वैजूताई, परवा निवड हाय. आणि तुम्ही म्हणताय तिचा दम म्हंजे दुखणं हाय? अहो, त्याच्यावरच तर ती हितवर आली."

"म्हणूनच भ्या वाटालंय, सर."

"रविवार होऊ द्या. सोमवारी मी स्वतः घेऊन जातो तिला डॉक्टरकडं."

सरांचं म्हणणं तिला पटावंसं वाटत होतं, हीच वाईट गोष्ट होती. दोनच दिवसांचा प्रश्न होता. दहा वर्षं ही पोर त्या एका सामन्यासाठी उन्हात भाजून निघाली होती. सतरा महिने गेले तिथं आणखी दोन दिवसांनी काय बिघडणार होतं? सबंध संध्याकाळ वैजयंता स्वतःला हेच विचारत राहिली आणि कालवणात मीठ दोनदा पडलं.

शनिवारी सकाळी गार्गी फणी घेऊन तिच्यासमोर पाठमोरी बसली. आत्तीनं वेणी घातली की गोल होतात, असं तिनं गेल्या वर्षी जाहीर केलं होतं आणि संघातल्या सगळ्या पोरींचा त्यावर विश्वास बसला होता. आता सरावालासुद्धा वेणी आत्तीच्याच हातची लागायची. वैजयंता केसांचे तीन पेड घेऊन बसली आणि तिचे हात थांबले.

"गार्गी, तुझी तू घालून दाखव वेणी."

"का? उद्याची मॅच घालवायची हाय का?"

"घाल म्हणतो न्हवं."

गार्गीनं हात मागं नेले. डावा हात पेड धरून होता. उजव्या हाताची बोटं केसांत शिरली, चाचपडली आणि पेड निसटला. तिनं पुन्हा धरला, तो पुन्हा निसटला. मग तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"कधीपासनं?" वैजयंतानं विचारलं.

"बटनं लागत न्हाईत धड. पेन बी." गार्गी भिंतीकडं बघत बोलत होती. "मला वाटलं, ताण असंल. मॅचमध्ये तर काय अडत नव्हतं. उलट गोलच होत होते. मग कशाला बोलू?"

वैजयंतानं कॅमेरा तिच्या मांडीवर ठेवला आणि ती रेघ दाखवली. गार्गीनं बराच वेळ पाहिलं. मग ती इतक्या जोरात उठली की फणी लांब जाऊन पडली.

"उद्या मॅच हाय, आणि तू आज दाखवालीस मला हे? मॅच झाल्यावर दाखवलं असतंस तर तुझं काय जात होतं?"

"मैदानात धक्का बसला, कोण आदळलं तुझ्यावर, तर? मला काय म्हाईत तुझ्या आत काय हाय ते!"

"मग म्हाईत न्हाई तर गप बसायचं हुतंस!"

वैजयंता गप्प बसली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं गार्गीच्या हाताला धरून तिला गाडीत बसवलं. गाडी थेट कोल्हापूरकडं काढली. निपाणीच्या पुढं गार्गीनं फक्त खिडकी खाली केली.

डॉक्टर नाईकवाडी बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी गार्गीची बोटं उघडमीट करून पाहिली, पायाच्या तळव्याला किल्लीचं टोक लावलं आणि ताबडतोब मानेचं स्कॅन करायला सांगितलं. दुपारी चित्र समोर आलं. मानेच्या मणक्यांत, तळाशी, मज्जारज्जूला खेटून एक गाठ होती, द्राक्षाएवढी. कर्करोगाची वाटत नव्हती आणि हळूहळू वाढणारी होती.

"खांद्याच्या नसा हिच्या वर फुटतात," डॉक्टरांनी पेन्सिलीनं दाखवलं. "बोटांच्या नसा हिच्या खाली. मेंदूचा निरोप खांद्याला वेळेवर पोचतो. बोटांना मात्र या अडथळ्यातून जावं लागतं, म्हणून उशिरा पोचतो. जागा इतकी कमी उरली आहे की मानेला एक जोराचा हिसका बसला असता तर बोटंच काय, पायही गेले असते."

गार्गीनं विचारलं, "उद्या खेळलो तर?"

"मी तुला इथून घरीसुद्धा जाऊ देणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

रविवारी चार वाजता गडहिंग्लजच्या मैदानावर सामना सुरू झाला तेव्हा गार्गी दवाखान्यात मानेला पट्टा लावून छताकडं बघत पडली होती. आई-वडील उशापायथ्याशी होते. कुणीही मोबाइल उघडला नाही.

ऑपरेशन साडेसहा तास चाललं. गाठ पूर्ण निघाली. त्यानंतर डॉक्टरांनी वैजयंताला खोलीत बोलावलं. "हे कधी सुरू झालं ते कळलं तर पुढचा अंदाज बांधता येईल. घरच्यांना सहसा सांगता येत नाही. तुम्हाला काही आठवतंय?"

वैजयंतानं कॅमेरा टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी रेघ पाहिली, तारखा पाहिल्या, आणि चष्मा काढला.

"हे सतरा महिने तुमच्याजवळ होतं?"

"व्हय."

"यंत्रानं सूचना दिली नाही कधी?"

"दिली हुती. मी बंद केली."

"पहिल्या सहा महिन्यांत ही आली असती, तर हात बहुतेक पूर्ण राहिला असता," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर वैजयंताला बरं वाटलं असतं. "चालेल ती. उत्तम चालेल. हाताचं वर्षभर बघायचं. वर्षभरात जे परत येतं तेवढंच आपलं."

गार्गीला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून वैजयंतानं त्याच आठवड्यात तिला सगळं सांगितलं. दिवा, चाक, बंद केलेली सूचना, सहा महिने. सांगताना ती रडली नाही. रडलं तर पोरीला आपलीच समजूत घालावी लागेल, हे तिला कळत होतं.

गार्गीनं ऐकलं आणि तोंड फिरवलं. चार दिवस ती आत्तीशी बोलली नाही. पाचव्या दिवशी वैजयंता तिचे केस विंचरत होती तेव्हा ती म्हणाली, "वेणी मी तुझ्याकडं दिली आणि ताळा तू दिलास. दोघींनी मिळून झाकलंय, आत्ती." थोड्या वेळानं म्हणाली, "तरी पण मला राग हाय तुझा. तो जाईल का न्हाई, म्हाईत न्हाई."

"असू दे," वैजयंता म्हणाली.

त्यानंतर वैजयंतानं मैदानावर पाऊल टाकलं नाही. घरी आल्यावर भिंतीवरचा तो गाजलेला फोटो तिनं उतरवून कपाटामागं ठेवला. दोन दिवसांनी पाहते तो पुन्हा भिंतीवर. "गोल झाला हुता न्हवं तो?" गार्गी म्हणाली. "मग राहू दे."

पाच महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, गार्गीनं कोपऱ्यातली काठी काढली आणि कॅमेऱ्याची पिशवी आत्तीसमोर आणून ठेवली. "चल. मला किती उशीर होतो ते बघायचंय. दवाखान्यातलं यंत्र बोटाला टिचक्या मारतंय नुसतं. तुझं खरं सांगतंय."

रिकाम्या मैदानावर वैजयंता गोलमागं गुडघा टेकून बसली. ताळा शून्यावर आणला. गार्गी धावत आली, कंबर वळली, खांदा वळला. चेंडू गोलच्या बऱ्याच बाहेरून गेला. आकडा: अठ्ठेचाळीस, ऑपरेशनच्या आधीपेक्षाही जास्त. पुढच्या महिन्यात चव्वेचाळीस. मग अडतीस, मग चौतीस. प्रत्येक रविवारी त्या आकड्यासाठी दोघींचा जीव टांगणीला लागायचा. गार्गी मैदानावरूनच ओरडून विचारायची, वैजयंता ओरडून सांगायची, आणि आकडा एकानं जरी उतरला तर परतताना दोघी भजी खायच्या.

दहाव्या महिन्यात आकडा एकतीसवर आला आणि तिथंच थांबला. एक रविवार, दोन रविवार, पाच रविवार. लहान मुलींना शिकवायला येशील का, असं हत्तरकी सरांनी विचारलं होतं. गार्गीनं अजून उत्तर दिलं नव्हतं. आधी वर्ष पुरं होऊ दे, असं ती म्हणाली होती.

वर्ष पुरं झालं तो रविवार स्वच्छ उन्हाचा होता. गार्गीनं स्वतःची वेणी स्वतः घातली होती, सैल आणि वाकडी. ती चेंडू जाळीत घेऊन लांब जाऊन उभी राहिली. वैजयंतानं कॅमेरा डोळ्याला लावला. शेवटचा आकडा कोपऱ्यात दिसत होता: एकतीस.

आणि तिचा अंगठा चाकावर गेला. एकतीस खाचा. तेवढ्या फिरवल्या की चेंडू जाळीतून सुटलेला दिसेल, चेहरा उन्हात येईल, पोर पळत येऊन बघेल आणि हसेल. फोटो खोटाही नसेल. त्यावर शिक्का असेल. पहिली खाच तिच्या अंगठ्याखाली टिक्‌ करून वाजली.

गार्गी लांबून बघत होती.

वैजयंतानं चाक पुन्हा शून्यावर आणलं, अंगठा काढून घेतला आणि हात वर केला. गार्गी धावली. कंबर वळली, खांदा वळला, शटर उघडलं आणि मिटलं. शिक्का उमटला. चेंडू कुठं गेला ते वैजयंतानं पाहिलंच नाही.

गार्गी धापा टाकत आली आणि आत्तीशेजारी धुळीत बसली. पडद्यावर तिचा चेहरा होता, दात आवळलेला. काठी वाकलेली होती. चेंडू अजून जाळीतच होता. खाली लिहिलं होतं: एकतीस.

गार्गी त्या फोटोकडं खूप वेळ बघत राहिली. मग तिनं उजव्या हाताची बोटं हळूहळू मिटली आणि हळूहळू उघडली.

"हा छापून दे मला," ती म्हणाली. "त्या दुसऱ्याच्या शेजारी लावतो. आणि सरांना फोन लाव. सांग, उद्यापासनं येतो म्हणून."